देवावर भार टाकायचा तो कसा

मार्च 2019 मध्ये आमच्या मालकांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, 9.4. ते बार्शीच्या मार्केट यार्डात एका अडतीवर दिवाणजी होते. सगळा जन्म आकडे मांडण्यात गेलेला माणूस. शेजारच्या रकान्यात छापलेला चांगल्या माणसाचा आकडा त्यांनी आधी वाचला, मग कागदाची घडी करून खिशात ठेवली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "दोन्ही किडन्या गेल्यात गं." संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरलं, आणि जो आला त्याने जाताना मला तेच सांगितलं: देवावर भार टाक.

टाकायचा म्हणजे काय करायचं? सकाळी उठून कुठून सुरुवात करायची? ते कुणी सांगितलं नाही. माझं माहेर माळकऱ्यांचं, सासरही. एकविसाव्या वर्षापासून गळ्यात तुळशीची माळ आहे, हरिपाठ तोंडपाठ आहे, तरी मला ते ठाऊक नव्हतं. पुढची तीन वर्षं आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिससाठी जाता-येता थोडं थोडं कळत गेलं. ज्यांच्या घरी आज असा कागद आलाय, मग तो दवाखान्याचा असो की बँकेचा, त्यांच्यासाठी लिहितेय. तुमचा देव विठ्ठल नसेल तर जिथे मी विठ्ठल म्हणते तिथे तुमच्या देवाचं नाव घाला.

आधी नेम धरा

मन घट्ट झालं की देवापुढे बसू, असं म्हणत मी पहिले दोन महिने घालवले. मन घट्ट होत नाही. पोटात भीती असते, डोळ्याला डोळा लागत नाही, डोक्यात पैशाचे हिशेब फिरत असतात. अशा मनात विश्वास हुडकायला गेलं की तो सापडत नाही, आणि आपली श्रद्धाच गेली की काय ही आणखी एक भीती मानगुटीवर बसते. म्हणून मनाला सध्या मोकळं सोडा. ओठांना आणि पायांना कामाला लावा.

आमच्यात याला नेम म्हणतात. ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट करायची, मन असो वा नसो. तो लहान घ्या. मी सुरुवातीला अकरा माळा जप आणि पूर्ण हरिपाठ असा नेम धरला होता. नवव्या दिवशी तो मोडला आणि दोन रात्री मी रडून काढल्या. हरिपाठाचे 27 अभंग म्हणायला अर्धा तास लागतो. रात्री नऊला दवाखान्यातून घरी आलेल्या आणि अजून भाकरी थापायची असलेल्या बाईकडे अर्धा तास नसतो. मग मी फक्त पहिला अभंग धरला. 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी'. लहानपणापासून ही ओळ म्हणत आले, पण त्यातला 'क्षणभरी' मला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ऐकू आला. माउलींनी आपल्याकडे अर्धा तास मागितलेलाच नाही.

दुसरं, नेम अशा गोष्टीला बांधा जी तुमच्या दिवसात होणारच आहे. देवघरात बसायचं राहून जातं, सुई टोचायची राहत नाही. डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. तो चालू आहे ना, हे रोज बोट लावून बघावं लागतं. कातडीखाली भुंगा गुणगुणावा तशी थरथर लागते. रोज सकाळी चहाच्या आधी मी त्यांच्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवायची, थरथर लागली की 'विठ्ठल' म्हणायची. ते डोळे मिटून पडलेले असायचे, तेही म्हणायचे. मंगळवारी आणि शनिवारी त्याच हातात जाड सुया जायच्या, तेव्हा पायाशी उभं राहून तो एक अभंग. झाला नेम. पुढे चार तास यंत्र चालायचं. त्यात कधी पूर्ण हरिपाठ व्हायचा, कधी मी भिंतीला टेकून झोपून जायची. झोप लागली म्हणून देव रागावत नाही, हे मी तुम्हाला खात्रीने सांगते.

तुमच्या घरी फिस्टुला नसेल. दुकानाचं शटर उचलणं असेल, लेकराला वेळेवर गोळी देणं असेल, पहाटे मोटार चालू करायला विहिरीवर जाणं असेल. त्याला नाव बांधा. वेगळा वेळ काढायला जाऊ नका.

मालकांनी 26 वर्षं पायी वारी केली होती. 2019 ला त्यांची चुकली, 2020 ला सगळ्यांचीच चुकली. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. फुलांनी सजवलेली ती बस आम्ही टीव्हीवर बघितली. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माउली एसटीनं जात्यात, तर आपली बी वारीच हाय की. वैरागवरनं." त्या दिवसापासून आमच्या घरात 'सोलापूरला जायचंय' असं कुणी म्हटलं नाही. 'वारीला जायचंय' म्हणायचे. दोन तास जायला, दोन तास यायला, मंगळवार-शनिवार. नुसता शब्द बदलला, पण पहाटे उठताना पाय जड व्हायचे ते कमी झाले.

भांडा, पण अबोला धरू नका

सोसत राहा, तक्रार करू नका, हेच खरं भक्ताचं लक्षण, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी आपले संत नीट ऐकलेले नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्या आहेत. चोखोबांना तर देवळाच्या आत पाऊलच टाकू दिलं नाही. 1338 मध्ये मंगळवेढ्याला बांधकामावर असताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारापुढे ठेवल्या असं परंपरा सांगते, आणि त्यांची समाधी आजही तिथे, दाराबाहेर आहे. ते दार दलितांसाठी उघडलं 1947 मध्ये, साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. सहाशे वर्षं! दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या माणसाच्या अभंगांत तक्रार आहे, 'मला मारतायत, धावत ये, सावकाश येऊ नकोस' असा आकांत आहे, आणि तेच अभंग आपण टाळ वाजवून म्हणतो. तेव्हा तुमचं-माझं बोलणं त्याला जड होणार नाही.

मी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. रात्री साडेदहानंतर मशीनवर बसलं की घरात कुणाला काही ऐकू जात नाही. तेव्हा मी बोलायची, मोठ्याने, बार्शीच्या भाषेत. 26 वर्षं पायी आला तो माणूस, त्याच्याच किडन्या बऱ्या दिसल्या का रे तुला? पोरगं बारावीला आहे, हे तुला दिसत नाही? पाच-दहा मिनिटं. दुसऱ्या कुणाचं वाईट चिंतायचं नाही, एवढंच पथ्य. देवाला काय वाटेल ते बोला. उत्तर येतंय का म्हणून कान लावून बसू नका. मशीन बंद करा, तोंडावर पाणी मारा, झोपा. सकाळचा नेम मात्र ठरल्याप्रमाणे करा. ज्याच्याशी अबोला धरला त्याच्याकडे परत जाणं फार अवघड होऊन बसतं, माणसांच्या बाबतीतही.

भांडण चालतं, सौदा करू नका. मी येरमाळ्याच्या येडाईला साडी-चोळी बोलले होते आणि तुळजापूरला लोटांगण. एकदा क्रिएटिनिनचा आकडा एकदम खाली आला. डायलिसिस झाल्या-झाल्या रक्त तपासलं की तो खाली येतोच, हे तेव्हा कळत नव्हतं. नवस पावला म्हणून मी येडाईला साडी घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात आकडा पुन्हा वर. मग सुरू झालं: साडी हलकी पडली का? तुळजापूर राहिलं म्हणून आई कोपली का? महिनाभर मन कुरतडत होतं. तुकोबांनी हे केव्हाच सरळ सांगून ठेवलंय, 'नवसें कन्या पुत्र होती, तरि कां करणें लागे पती'. देवीला मी आजही जाते, ओटी भरते. अट घालून भरत नाही.

वहीची दोन पानं

इथे आमच्या हातून जिवावर बेतणारी चूक झाली, म्हणून हे सावकाश वाचा.

12 जुलै 2019, शुक्रवार, आषाढी एकादशी. वारी चुकलीच आहे, निदान उपास तरी घडू दे, म्हणून मालक हट्टाला पेटले. शाबूची खिचडी, त्यात दाण्याचं भरपूर कूट, बटाट्याची भाजी, दोन केळी, संध्याकाळी शहाळं. मीच केलं, मीच वाढलं. देवाचं खाणं आहे, बाधायचं नाही, असं मनात होतं. आता सांगते ते डायलिसिसच्या प्रत्येक घराने ध्यानात ठेवावं. दाणे, बटाटा, रताळं, केळं, शहाळं, या उपासाच्याच वस्तूंत पोटॅशियम जास्त असतं. चांगली किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. बंद पडलेल्या किडनीला ते जमत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. रात्री अकराला मालकांच्या पायातलं बळ गेलं. बार्शीत इंजेक्शनं देऊन तसंच सोलापूरला हलवलं. पोटॅशियम 7.1. रात्रीतच यंत्राला लावलं, म्हणून वाचले.

पुढच्या एकादशीच्या आधी मी आमच्या फडावरच्या एका वयस्कर महाराजांकडे गेले आणि विचारलं, उपास सोडला तर पाप लागेल का? ते म्हणाले, "माय, एकादशी देहानं करायची असती. आधी देह राखा. आजपासून गोळी हेच त्यांचं तीर्थ." त्यानंतर आमची एकादशी अशी व्हायची: मालकांना रोजचं पथ्याचं जेवण, फक्त कांदा-लसूण नाही, आणि जेवणाआधी एक माळ जास्त.

घरी आल्यावर मालकांनी एक वही आखली, अडतीच्या वहीसारखी, दोन बाजूंची. डाव्या पानावर 'आपलं', उजव्या पानावर 'त्याचं'. ही युक्ती त्यांची, आणि मला वाटतं देवावर भार टाकणं म्हणतात ते या वहीत आहे.

'आपलं' या पानावर काय होतं? पाणी दिवसाला एक लिटर, चहा, ताक, आमटी सगळं धरून. डॉक्टरांनी त्यांच्यापुरतं ठरवून दिलेलं. सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवायची, कपभर चहा दिला की बाटलीतलं कपभर पाणी झाडाला ओतायचं, म्हणजे भांडण होत नाही, बाटलीच सांगते किती उरलं. रोज उठल्यावर वजन. डाव्या हाताला बीपीचा पट्टा लावू द्यायचा नाही, त्या हातात पिशवी द्यायची नाही. रेशनकार्डाच्या झेरॉक्स, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद, आरोग्यमित्राला भेटणं.

'त्याचं' या पानावर: किडनी मिळेल का. माझा रक्तगट बी, त्यांचा ओ, त्यामुळे माझी चालली नाही. प्रतीक्षायादीत नाव लागलं, पुढचा नंबर कधी येईल ते त्याचं. किती वर्षं आहेत, ते त्याचं. पोराचं मन अभ्यासात लागेल का, तेही त्याचं, कारण मी किती वेळा बजावलं तरी ते माझ्या हातात नव्हतं.

झोपताना डावं पान तपासायचं. राहिलेलं उद्यावर लिहायचं. मग उजव्या पानावर तळहात ठेवून 'हे तुझं' म्हणायचं आणि वही मिटायची. रात्री दोनला पुन्हा काही डोक्यात आलं तर दिवा लावून योग्य त्या पानावर लिहायचं, परत मिटायची.

पहिल्या महिन्यात आम्हाला कळलं की आमची पानं चुकली होती. 'पैसे कुठून येणार' हे आम्ही देवाच्या पानावर टाकून बसलो होतो. त्यातलं निम्मं काम सरकारी योजनेच्या खिडकीशी रांग लावण्याचं होतं, म्हणजे माझं. आणि 'लोक काय म्हणतील' हे मी माझ्या पानावर रोज लिहीत होते. ते पान बदललं. तुमची वहीही पहिल्यांदा चुकेल, खाडाखोड करा. एक मात्र आधीच सांगून ठेवते: झोप उडाली, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं आठवड्यांवर चाललं तर ते डाव्या पानावरचं काम आहे. डॉक्टरांकडे जायचं. मीही गेले होते, सहा महिने गोळ्या घेतल्या, आणि त्याने माझ्या माळेला कुठे बाध आला नाही.

माणसं

"काही लागलं तर सांगा" असं सगळे म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात. आपण मात्र "आहे की सगळं व्यवस्थित" म्हणतो. वार आणि वेळ सांगून मागायला शिका. धाकट्या जावेला मी सांगितलं, मंगळवारी रात्रीचा डबा तुझा. शेजारच्या पोराला सांगितलं, शनिवारी पहाटे पाचला स्टँडवर सोडायचं तुझ्याकडे. दिंडीतल्या लोकांनी वर्गणी काढून पाकीट आणलं ते मी पहिल्यांदा परत केलं. मालक चिडले. म्हणाले, "तू रोज त्याच्याकडं मागतीस, आणि त्यानं धाडलेलं दारातनं माघारी लावतीस व्हय?" पाकीट परत आणवलं.

बोलणारी माणसंही येतील. गेल्या जन्मीचं प्रारब्ध, देव परीक्षा बघतो, वगैरे. त्यांच्याशी वाद घालण्यात ताकद घालवू नका, चहा द्या. एका पाहुण्यांनी मालकांच्या उशाशी बसून 'बरें झालें देवा निघालें दिवाळें' म्हणून दाखवलं. तो अभंग मला जिवापाड आवडतो. पण दुष्काळात ज्याचं दुकान बुडालं, ज्याची पहिली बायको अन्नावाचून गेली, त्याने तो स्वतःबद्दल म्हटलाय. ज्याचं गेलं त्यानेच तो म्हणावा. दुसऱ्याच्या उशाशी बसून म्हणू नये. मी ते पाहुण्यांना हात जोडून सांगितलं.

आणि मागितलेलं मिळालं नाही तर

2021 ची आषाढी 20 जुलैला, मंगळवारी आली. आम्ही डायलिसिसच्या हॉलमध्ये. भिंतीवरच्या टीव्हीवर पंढरपूरची महापूजा दाखवत होते. विठ्ठलाचं मुख दिसलं तसे पलंगावरच्या सगळ्यांचे हात उठले, एकेकच हात, कारण दुसऱ्यात सुया. एका हाताचा नमस्कार. मीही हात जोडले, आणि मग ध्यानात आलं की मी काही मागितलंच नाही. विश्वास नक्की कधी बसला ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी तो बसलेला आढळला.

फेब्रुवारी 2022 मध्ये, शनिवारी, यंत्रावरून उतरून परत येताना वैरागच्या अलीकडे मालक गेले. गाडीत, माझ्या खांद्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती बोटं मनगट शोधत होती म्हणून. सुतकात देवपूजा बंद असते, नामाला सुतक नसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. तरी मी दहा दिवस नाम घेतलं नाही. घेता आलं नाही. तुमच्यावर अशी वेळ आली आणि नेम सुटला तर सुटू द्या, कुणी बोललं तरी मनावर घेऊ नका. मंगळसूत्र उतरवलं तेव्हा गळ्यात तुळशीची माळ तेवढी राहिली. पंधराव्या दिवशी पहाटे मी स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. नाडी लागली, 'विठ्ठल' म्हटलं. नेम ज्या खुंटीला टांगला होता ती खुंटी गेली, तर असा दुसऱ्या खुंटीला टांगावा लागतो. त्याला वेळ लागतो.

त्या वर्षी पायी वारी पुन्हा सुरू झाली. 10 जुलैच्या आषाढीला मी गेले, वाखरीपासून चालले. दर्शनबारीत उभी राहिले नाही, तेवढं बळ नव्हतं. नामदेव पायरीपाशी, चोखोबांच्या समाधीसमोर थांबले, कळसाला हात जोडले आणि म्हटलं, "ऐकलं नाहीस तू." टाळांच्या आवाजात शेजारच्यांना ऐकू गेलं नसणार. मग चोखोबांच्या पायाशी डोकं टेकवलं आणि चंद्रभागेकडे गेले. तो राग थोडा अजून आहे, आणि सकाळचा नेमही आहे. दोन्ही एकाच घरात राहतात.

आता सोलापूरच्या त्याच हॉलमधल्या एका मुलीचा फोन दर मंगळवारी नऊच्या सुमाराला येतो. तिशीची असेल. नवऱ्याला सुया टोचताना तिला बघवत नाही. ती फोन स्पीकरवर ठेवते, मी इकडे कात्री बाजूला ठेवून पहिला अभंग म्हणते, तीही म्हणते. मिनिटभर लागतं. मग ती विचारते, "मावशी, आज ऊन फार आहे, पाणी थोडं जास्त देऊ का?" मी विचारते, बाटलीवरची खूण कुठे आहे, आणि म्हणते, वाढवायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचार, वहीत डावीकडे लिहून ठेव.